ज्याचं त्यानं ऐकायचं

पारशिवनीहून गुरुजींचा फोन आला तेव्हा मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. गुरुजी म्हणजे आमच्या ह्यांचे रेडिओवरचे मित्र, शाळेतून निवृत्त होऊन आता शेती बघणारे. त्यांचा फोन म्हणजे नमस्कार-चमत्कार काही नाही, थेट मुद्दा.

"वहिनी, पऱ्हाटीचा धूर आडवा पडून राहिला. भाऊले सांगा, अँटेना गडचिरोलीकडे फिरवा म्हणा."

दुसऱ्या कुठल्या घरात असा फोन आला असता तर फोन करणाऱ्याची तब्येत विचारली असती. आमच्या घरात मी शेंगांचं टोपलं तिथेच टाकलं आणि जिन्याकडे धावले.

आमचं घर हौशी रेडिओवाल्यांचं आहे. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आपलं असं एक कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, मिळतं, आणि मग आपल्या सेटवरून, आपल्या अँटेनातून, जगातल्या कुठल्याही परवानेधारकाला हाक मारायची. मोबाइल कंपनी मधे नाही, इंटरनेट नाही. ह्यांचा जीव त्यातल्या व्हीएचएफ नावाच्या पट्ट्यावर. आता व्हीएचएफच्या लहरी म्हणजे नाकासमोर चालणाऱ्या. पृथ्वी गोल असल्यामुळे पुढे जमीन वळते, आणि लहर वळत नाही, सरळ आभाळात निघून जाते. त्यामुळे शे-दीडशे किलोमीटरपलीकडचं सहसा ऐकू येत नाही. पण हिवाळ्यात एखाद्या संध्याकाळी वारा पार पडतो, जमीन लवकर थंड होते आणि वरची हवा ऊबदारच राहते. त्या दोन थरांच्या मधोमध लहर अडकते आणि पाटाच्या पाण्यासारखी दूरवर वाहत जाते. हे डोळ्यांना दिसत नाही. दिसतो तो धूर. कापसाची वाळकी झाडं, म्हणजे आमची पऱ्हाटी, शेतात पेटवली की धूर सरळ वर जाण्याऐवजी झाडांच्या उंचीवर थबकतो आणि आडवा पसरतो. गुरुजी आपल्या बांधावर उभे राहून तो बघतात आणि आम्हाला फोन करतात. हवामानखात्यापेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे.

त्या दिवशी मात्र मी धावले ते वेगळ्या कारणाने. सोमवारी ह्यांना धंतोलीत दवाखान्यात भरती करायचं होतं.

ह्यांचा डावा कान कधीचाच गेलेला. हिंगण्याला प्रेस शॉपमध्ये मेंटेनन्सचं काम केलं सगळा जन्म. तिथे पत्रा ठोकणाऱ्या मशिनींच्या दणदणाटात शेजारच्याचं बोलणं कळत नसे, तर बेअरिंगचा आवाज कुठून कळणार? ते मशिनीला तळवा लावून बघायचे. आमच्या अंगणातल्या मोटारीवरही हात ठेवून सांगतात, हिचं काही खरं नाही, आणि आठवड्यात ती बसतेच. उरला होता उजवा कान. त्यातही शब्द फाटके यायला लागले आणि दिवसरात्र एक शिट्टी वाजायला लागली. तपासणीत कानाच्या नसेवर गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, गाठ मेंदूकडे सरकतेय, काढावीच लागेल. ती निघेल. कान राहील असं मात्र सांगता येत नाही.

दवाखान्यातून घरी आलो. ह्यांनी गाडी लावली, हेल्मेट काढलं आणि म्हणाले, "समुद्र राहूनच गेला वं."

मला लगेच कळलं. आमचं नागपूर म्हणजे कुठूनही निघा, समुद्र तितकाच लांब. ह्यांनी आजवर रायपूर ऐकलं, भोपाळ ऐकलं, एकदा हैदराबाद ऐकून घरभर पेढे वाटले. पण व्हीएचएफवर किनाऱ्यावरचा माणूस, थेट, मधे काहीही न घेता, आमच्या अँटेनाला कधी सापडला नव्हता. तेवढी एकच हौस. आणि आता ती पुरवायला एक कान उरला होता, तोही सोमवारपर्यंत.

इथे ह्या छंदाचा एक कायदा सांगायला हवा. गप्पा मारल्या म्हणजे संपर्क झाला असं नसतं. दोघांनी एकमेकांचं कॉलसाइन ऐकायचं आणि एकमेकांना रिपोर्ट द्यायचा, म्हणजे तुम्ही मला कसे ऐकू येता त्याचे मार्क. पहिला आकडा स्पष्टपणाचा, पाचपैकी. दुसरा जोराचा, नऊपैकी. जुन्या तारेतल्यासारखी मोर्सची टिकटिक असेल तर सुराचा तिसरा, तोही नऊपैकी. आपल्याला मिळालेला आकडा आपण स्वतः ऐकला तरच संपर्क धरायचा. तिसऱ्याने ऐकून सांगितलेला चालत नाही. ज्याचं त्यानं ऐकायचं. कोणी तपासायला येत नाही, म्हणून तर सगळे जिवापाड पाळतात.

बाकीचे लोक मार्क द्यायला उदार असतात. आवाज खरवडत येत असला तरी भेटेल त्याला फाइव्ह नाइन. लग्नात आहेर करतात तसं. हे मात्र एक नंबरचे चिक्कू. मी परवाना काढला त्या दिवशी गच्चीवरून हातातल्या सेटवर ह्यांना आयुष्यातली पहिली हाक मारली. हे खाली ओट्याजवळ उभे. उत्तर आलं, "फाइव्ह सेव्हन."

"अहो, एका जिन्याचं अंतर आहे!"

"सेट तोंडाले लावून बोलून राहिली तू. आवाज फाटते. फुकटचे मार्क वाटायचे तं मंग ऐकायचं कायले?"

त्या दिवशी चहा त्यांनी स्वतः केला.

तर मी धावत वर गेले आणि सेटजवळ बसलेल्या ह्यांच्या कानाशी गुरुजींचा निरोप ओरडून सांगितला. जिन्याच्या माथ्यावरची छोटी खोली म्हणजे आमचं स्टेशन. दाराबाहेर गच्चीवर अँटेनाचा खांब, आणि त्याच्या बुडाशी जुन्या सायकलचं हँडल वेल्ड केलेलं. हँडल फिरवलं की वरची अँटेना फिरते. हे काम माझं. दिशा आम्ही गावांवरून सांगतो, अंशांशी माझं जमत नाही.

गच्चीवर आले आणि थांबलेच. सूर्य नुकताच बुडाला होता. हिंगण्याच्या बाजूला कारखान्यांचा, झोपड्यांतल्या चुलींचा, पलीकडच्या शेतांचा, सगळा धूर एकाच उंचीवर येऊन थांबला होता. वर स्वच्छ, खाली स्वच्छ, मधे एक निळसर पट्टी, थेट नजर पोचेल तिथपर्यंत. पान हलत नव्हतं. मी इतकी वर्षं ह्या गच्चीवर गहू वाळवले, पण अशी संध्याकाळ पाहिली नव्हती.

"गडचिरोली!" आतून आवाज आला. मी हँडल वळवलं.

आधी जगदलपूर आलं. बस्तरमधला माणूस, आणि आवाज असा की शेजारच्या प्लॉटवरून बोलतोय. ह्यांनी तीनदा विचारून का होईना, त्याचा रिपोर्ट घेतला. मग खरखर सुरू झाली. नुसती खरखर. हे हेडफोन घट्ट दाबून बसलेले, मी छोटा स्पीकर जोडून दाराच्या चौकटीत, एक हात हँडलवर.

त्या खरखरीतून एक माणूस वर आला.

दुसरा शब्द सुचत नाही. विहिरीतून कोणी पायऱ्या चढून यावं तसा तो आला. तेलुगू वळणाचं इंग्रजी, सावकाश, सभ्य. आपलं कॉलसाइन सांगितलं आणि म्हणाला, मी विशाखापट्टणमहून बोलतोय, टेकडीवरच्या घराच्या गच्चीत आहे, समोर समुद्र आहे, होड्यांचे दिवे लागायला लागलेत. कोणी आहे का?

होड्यांचे दिवे! मी तुरीच्या शेंगांनी हिरवे झालेले हात घेऊन नागपुरात उभी, आणि हा माणूस मला समुद्रावरचे दिवे सांगतोय. मधे अख्खं बस्तर, डोंगर, जंगल, नद्या.

ह्यांनी माइक उचलला, कॉलसाइन दिलं. एकदा, दोनदा. आणि त्याने ऐकलं! आमचं कॉलसाइन त्याच्या तोंडून आलं, आणि पाठोपाठ रिपोर्ट. मला दोन्ही आकडे स्वच्छ ऐकू आले.

हे माझ्याकडे बघत होते. मी भिंतीकडे बघितलं.

"आवाज येऊन राहिला," हे म्हणाले, "शब्द येत नाई."

त्यांनी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा सांगितलं. पुन्हा विचारलं. तो भला माणूस दर वेळी तितक्याच शांतपणे आकडे म्हणत होता, सुटे सुटे करून, आणि दर वेळी ह्यांचा चेहरा तसाच. गुरुजीही त्याच फ्रिक्वेन्सीवर होते हे मला माहीत होतं, आणि त्यांनाही तो आकडा ऐकू गेला असणार हेही. त्यांनी माइकला हात लावला नाही. आम्ही दोघं दोन गावांत बसून एकच आकडा तोंडात धरून होतो. दोन शब्द. मी बोटं जरी वर केली असती तरी काम झालं असतं. माझं मन म्हणत होतं, चुलीत गेला तुमचा कायदा. पण सांगितलं असतं तर ह्यांनी तो रिपोर्ट घेतला नसता, आणि नंतर उरलेला जन्म मला तोंडही दाखवलं नसतं.

शेवटी ह्यांनी हेडफोन काढले आणि माइक माझ्यासमोर धरला.

"तू कर. तुह्याजवळ परवाना आहे. कोणाचा तरी होऊ दे."

मी भडकले. "मले नाई पाहिजे! मी काय समुद्र मागतला होता का? तुमचा आहे तो, तुम्ही घ्या!"

ह्यांना शब्द किती कळले कोण जाणे, पण स्वर कळला. आणि चिडलं की माझं डोकं बरं चालतं. मी माइक ओढून घेतला, माझं कॉलसाइन सांगितलं, आणि माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हटलं की माझ्या नवऱ्याच्या कानाचं परवा ऑपरेशन आहे, त्यांना बोलणं कळत नाही, तुम्ही मोर्समध्ये पाठवा, हळू पाठवा. रिपोर्ट मी मागितला नाही, दिलाही नाही.

तो म्हणाला, किती वर्षांत मोर्सच्या खटक्याला हात लावला नाही, माळ्यावर कुठल्यातरी पिशवीत असेल. शोधतो. जाऊ नका.

जातोय कुठे! पण हवेचं काय? ती काही आमच्यासाठी थांबणार नव्हती. मी बाहेर बघितलं. धुराची पट्टी अजून होती, जराशी विरल्यासारखी वाटत होती. पानं हलताना दिसतील म्हणून झाडांकडे बघवेना. गुरुजी तेवढ्यात सेटवरून हळूच बोलले, "वहिनी, मी गप बसून आहो. पण आहो."

आणि मग टिकटिक आली. बारीक, अडखळती, खूप वर्षांनी सायकलवर बसलेल्या माणसासारखी. हे पुन्हा हेडफोन लावून वाकले. ह्यांनी मान हलवली.

"माह्या कानातली शिट्टी अन् हे, दोन्ही एकाच सुरात हाये. कोणती कोणाची कळून नाई राहिली."

त्यांनी खटपट करून सूर खाली आणला. बारीक शिट्टीची जाड घुमघुम झाली. ती तर कानाला पोचेचना. तिकडे तो माणूस पाठवतोय, थांबतोय, पुन्हा पाठवतोय.

आणि ह्यांनी हेडफोन बाजूला ठेवले. माझ्याजवळचा स्पीकर ओढून घेतला. तो त्यांनीच प्लायवूडवर बसवलेला, जाळीबिळी काही नाही, समोर उघडा कागदी पडदा. आवाज वाढवला. उजव्या हाताची तीन बोटं त्या पडद्यावर टेकवली आणि डोळे मिटले.

हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. अंगणातल्या मोटारीवर हात ठेवला की हाच चेहरा होतो.

ओठ हलायला लागले. आमच्या कॉलसाइनचं पहिलं अक्षर. दुसरं. मी बघतच राहिले. बोटांखाली तो कागद थरथरत होता आणि हा माणूस ती थरथर वाचत होता, मोठ्याने, एकेक अक्षर, पहिली-दुसरीतल्या मुलासारखा. कॉलसाइन पुरं झालं. मग ह्यांच्याही अंगात हुरूप आला, कानशिलाची शीर उडायला लागली.

"चार," हे म्हणाले.

आणि पडदा थांबला. नुसती खरखर. मी हँडलकडे धावले, इकडे जरा, तिकडे जरा. ह्यांनी डोळे उघडले नाहीत, बोटं उचलली नाहीत. "थांब वं. येईल तो. हलवू नको."

तो आला. पहिल्यापासून सगळं पुन्हा पाठवायला लागला, देव त्याचं भलं करो.

"चार. तीन. नऊ."

बरोबर होतं. तेच मीही मोजलं होतं. आणि मी झटकन तोंड फिरवलं, कारण ह्यांना अजून उत्तर पाठवायचं होतं, आणि माझं हसणंही रिपोर्ट सांगण्यासारखंच झालं असतं. गच्चीवरच्या अंधाराकडे तोंड करून मी पदर दातात धरून उभी राहिले. पाच-नऊ-नऊ असतं तर माणसाने अंदाजानेही सांगितलं असतं. चार-तीन-नऊ अंदाजाने कोणाला सांगता येत नाही. ते ऐकावंच लागतं.

ह्यांनी उत्तर पाठवलं. त्या बिचाऱ्याला किती मार्क दिले म्हणाल तर चार-दोन-नऊ. तिकडून पोच आली, शुभेच्छा म्हणून पाठवायचे ठरलेले दोन आकडे, सात-तीन, आले, आणि माणूस जसा वर आला होता तसाच खाली उतरत गेला. थोड्या वेळाने गच्चीवरच्या दोरीवरचे कपडे हलले. वारा सुटला होता.

"बोलला तवा काय म्हणे तो?" ह्यांनी विचारलं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडून सांगितलं, समोर समुद्र, होड्यांचे दिवे. ते आपल्या बोटांकडे बघत बसले. मीही तिकडेच बघत होते. विशाखापट्टणमला एका माणसाने बोट दाबलं आणि नागपुरात माझ्या नवऱ्याची बोटं हलली. मला ह्याचं विज्ञान पाठ आहे, परीक्षेत लिहून पास झालेय. तरी त्या संध्याकाळी मला देवळात उभं राहिल्यासारखं वाटलं, आणि मी शेंगांचे हात तसेच जोडले.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. गाठ पुरी निघाली. कान वाचला नाही.

मला आत सोडलं तेव्हा हे डोळे मिटून पडले होते. डोळे उघडले की खोली गरगरते आणि उलटी होते, असं सिस्टर म्हणाली. बोलायला म्हणून तिने पाटी आणि पेन आणून ठेवलं होतं. मिटल्या डोळ्यांच्या माणसाला पाटी काय कामाची? मी सवयीने "अहो" म्हटलं. आणि मग कळलं की हे "अहो" आता कुठेच पोचणार नाही. इतक्या वर्षांचं ते "अहो".

मी त्यांचा हात उलटा केला आणि तळव्यावर बोटाने मोर्स दाबायला लागले. आखूड, लांब. माझं मोर्स म्हणजे परीक्षेपुरतं. त्यांचं कॉलसाइन पाठवलं, माझं पाठवलं, एक अक्षर चुकलं म्हणून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी विचारलं: रिपोर्ट?

काही नाही. हात तसाच, जड. मी वाट बघत होते आणि मनात एकच भीती. उत्तर येणार नाही ही नव्हे. पाच-नऊ-नऊ येईल ही. बायकोचा जीव राखायला म्हणून दिलेलं, आहेरासारखं. त्यातून मला काहीच कळलं नसतं.

त्यांचं बोट हललं. माझ्या मनगटावर एकेक आकडा उमटला.

पाच. सात. नऊ.

मी सिस्टरच्या देखत भोकाड पसरलं. मग पदराने नाक पुसलं, पुन्हा तळवा धरला आणि विचारलं, सात काहून?

बोट पुन्हा चालू झालं. अक्षरं इंग्रजी, बोली आमची.

हात कापून राहिला तुहा.

खरंच कापत होता.